चेखॉवच्या कथेवर अभिप्राय देताना पाळावयाची पथ्ये

रेल्वे स्थानकावर दोन बालमित्र, एक जाडा आणि एक रोडका, अवचित भेटतात, ही रशियन कथाकार चेखॉवची कथा आपण वाचली असेलच. वाचली नसली तरी अभिप्राय देण्यास हरकत नसावी, कारण ती जेमतेम दोन-तीन पानांची असून तिचे सार सांगणारे जागोजागी भेटतात. दोघे मिठ्या मारतात, डोळ्यांत पाणी आणतात, शाळेतल्या टोपणनावांची उजळणी करतात आणि जाडा सरकारात फार वर पोहोचला आहे हे कळताच रोडका जागीच थिजतो व 'अरे-तुरे' सोडून 'हुजूर' म्हणू लागतो.

पहिले पथ्य असे, की कथेआधी लेखकाचे नाव वाचावे. लाकडाच्या सिगारेट-डब्या आपण फावल्या वेळात बनवतो, एकेक रूबलला विकतो आणि दहा घेणाऱ्याला सवलत देतो, असे रोडका जिवलग मित्राला कौतुकाने सांगतो, तिथे नाव ठाऊक नसलेल्या वाचकाला एकदम हसू येण्याचा किंवा पुढे कुठे कंटाळाही येण्याचा संभव असतो, आणि मग ते मत स्वतःचेच निघाल्याने त्याचे करायचे काय, हा प्रश्न पडतो. नाव चेखॉवचे आहे हे आधीच कळले, म्हणजे कंबर आपोआप लवते आणि 'अजरामर', 'विश्वसाहित्य' हे शब्द हाताशी येतात. 1883 साली पीटर्सबर्गच्या 'ओस्कोल्की' या विनोदी साप्ताहिकात कथा छापून आली, तेव्हा वाचकांची ही सोय नव्हती. 'अंतोशा चेखोंते' या टोपणनावामागे 23 वर्षांचा वैद्यकीचा विद्यार्थी होता. त्या बिचाऱ्यांना नुसती कथाच वाचावी लागली.

यानंतर रोडक्याच्या लाचारीचा कडक निषेध करावा. पीटर बादशहाने 1722 मध्ये सरकारी नोकरांची 14 श्रेणींची उतरंड लावून दिली होती, त्यात रोडका वरून आठव्या पायरीवर आणि मित्र तिसऱ्या, हा तपशील इथे शोभून दिसतो. असली माणसे झारच्या रशियातच निपजायची, असेही ठणकावून लिहावे. हे चर्चासत्रात वाचून दाखवायचे असल्यास प्रमुख पाहुणे येईपर्यंत थांबावे, ते आले की उभे राहावे आणि पहिले वाक्य 'सरांनी म्हटल्याप्रमाणे' असे घ्यावे, मग सर काही बोलले असोत वा नसोत.

जाड्याच्या साधेपणाची स्तुती अवश्य करावी. हे सोवळे कशाला, आपण बालपणीचे मित्र, असे तो म्हणतो खरा. मात्र मित्राने अंदाजाने लावलेला हुद्दा कमी पडताच आणखी वर जायला सांगून आपल्या दोन मानाच्या ताऱ्यांचा उल्लेख त्याने स्वतःच केला होता, हे लक्षात आले तरी लिहू नये, कारण बहुतेक वाचक स्वतःला मनातून जाडाच समजतात.

रोडक्याच्या मुलाच्या वाटेला तर मुळीच जाऊ नये. बापाबरोबर त्याच्या पेट्या-बोचकीही आकसतात, आईची लांब हनुवटी आणखी लांब होते, आणि तिसरीत शिकणारा नाफानाइल ताठ उभा राहून गणवेशाची सगळी बटणे लावतो. त्याला तसे करायला कोणीही सांगितलेले नसते. याविषयी लिहू लागल्यास तो हे शिकला कुठे, असा विषय निघेल आणि आपल्या घरातील मुलेही अभिप्राय वाचतात.

आणखी एक अडचणीची गोष्ट आहे. पहिल्यांदा छापलेल्या कथेत जाडा हा रोडक्याचा नवा वरिष्ठ निघतो. 1886 मध्ये संग्रहासाठी कथा दुरुस्त करताना चेखॉवने ते नातेच काढून टाकले, त्यामुळे रोडक्याला जाड्याकडून मिळवायचे किंवा गमावायचे काही उरले नाही आणि तरीही तो तेवढाच वाकतो. या दुरुस्तीचा उल्लेख टाळलेला बरा, कारण पोटासाठी करावे लागते, ही आपल्या सर्वांच्या कामी येणारी सबब तिने निकालात निघते.

अभिप्रायाखाली सही करताना हुद्दा, निवृत्तीपूर्वीचा असला तरी, कंसात घालावा. आणि आभार मानताना अनुवादाला प्रस्तावना लिहिणाऱ्या मान्यवरांचे नाव आधी व चेखॉवचे नंतर घ्यावे, कारण चेखॉवच्या हाती आता कोणतीही पुरस्कार समिती नाही.