रॉल्स असं कुठेही म्हणत नाही

माझी भाची ऐरोलीला असते, एसवायबीए करतेय, पॉलिटिकल सायन्स. काल रात्री तिचा मेसेज, 'मामा, असाइनमेंटमध्ये हे टाकू का रे?' आणि खाली तोच फॉरवर्ड, जो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही येऊन गेलाय. तेव्हा मी सोडून दिलं होतं, पण आता पोरगी तेच मार्कांसाठी लिहून देणार म्हटल्यावर गप्प बसवेना.

ज्यांच्याकडे आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या एका प्राध्यापकाने वर्गात सगळ्यांना सरासरी मार्क द्यायचं ठरवलं, मग हुशार पोरांनी अभ्यास सोडला, आळशी होते ते आळशीच राहिले, शेवटी अख्खा वर्ग नापास. म्हणून जॉन रॉल्स ह्या अमेरिकन तत्त्वज्ञाची न्यायाची थिअरी म्हणजे कष्ट करणाऱ्याचं काढून आळशाला देणं, रॉबर्ट नॉझिक ह्या दुसऱ्या अमेरिकन तत्त्वज्ञाने ती केव्हाच खोडून काढली, आणि तसंही हे परदेशी विचार आपल्या काय कामाचे.

त्या प्राध्यापकाचं नाव नाही, कॉलेज नाही, साल नाही. हीच गोष्ट इंग्रजीत कित्येक वर्षं समाजवादाच्या विरोधात फिरतेय, तिच्यात रॉल्स नसतोच, तो कोणीतरी मागाहून चिकटवलाय.

आता रॉल्स. ही भाची लहान असताना मे महिन्यात आंबा कापायचा म्हटलं की तिची आणि तिच्या भावाची मारामारी ठरलेली. ताईने नियम केला, जो कापेल त्याने शेवटी उचलायचं. तेव्हापासून पोरगी सुरी हातात घेऊन आधी बोटाने माप घ्यायची, बाठ्याला किती गर ठेवायचा त्याचा हिशोब करायची, कारण बाठा बहुतेक आपल्याच वाट्याला येणार हे तिला पक्कं ठाऊक. रॉल्सचा 'अज्ञानाचा पडदा' समजायला एवढं पुरतं. समाजाचे नियम तुम्ही ठरवा, पण आपण पाम बीच रोडच्या टॉवरमध्ये जन्मणार की दिघ्याच्या चाळीत, धडधाकट असणार की आजारी, हे माहीत नाही असं धरून ठरवा.

असं ठरवायला बसलेली माणसं काय निवडतील? 'अ थिअरी ऑफ जस्टिस' ह्या १९७१ च्या पुस्तकात रॉल्स सांगतो, मूलभूत स्वातंत्र्यं सगळ्यांना सारखी, पदं आणि संधी खऱ्या अर्थाने सगळ्यांना खुल्या, आणि विषमता चालेल, हो, चालेल असंच म्हणतो, फक्त तिच्यामुळे तळाच्या माणसाचं जास्तीत जास्त भलं झालं पाहिजे. म्हणजे त्या वर्गाचीच गोष्ट घ्या. सरासरी मार्कांनी शेवटच्या बाकावरचा पोरगाही नापासच झाला ना? मग रॉल्सच्याच नियमाने ती पद्धत पहिल्या दिवशी बाद! ज्याच्या नावावर हे खपवताय तोच माणूस ते नाकारतोय, आणि हे कळायला अख्खं पुस्तक वाचायची पण गरज नाही. शिवाय तो बोलतोय कोर्टकचेऱ्या, शिक्षण, कर, मालमत्तेचे कायदे ह्यांच्याबद्दल, एका वर्गाच्या मार्कांबद्दल नाही.

आळशांचं म्हणाल तर १९८८ च्या एका लेखात त्याने सरळ लिहिलंय की मालिबूच्या समुद्रावर दिवसभर लाटांवर खेळणाऱ्यांनी आपलं पोट आपण भरावं, सरकारी पैशावर त्यांचा हक्क नाही. ह्याहून स्पष्ट काय लिहायचं त्याने?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. मूळ पुस्तकात माणूस तळाला नशिबाने गेला की स्वतःच्या निवडीने, ह्यात तो नीट फरक करत नाही. १९८१ मध्ये रोनाल्ड ड्वॉर्किन ह्या तत्त्वज्ञाने नेमका हाच फरक पुढे आणला आणि तो मुद्दा दमदार आहे. पण फॉरवर्डवाल्याला हे म्हणायचं नव्हतं.

नॉझिकचं नाव घेणाऱ्यांनी १९७४ चं त्याचं पुस्तक उघडून बघावं. रॉल्सच्या चौकटीत काम करा नाहीतर का करत नाही ते सांगा, असं त्यानेच त्यात लिहिलंय. मालमत्ता ज्याची त्याची हे तो म्हणतो खरं, पण ती मुळात न्यायाने मिळालेली असली पाहिजे, नसेल तर दुरुस्ती करा, हेही त्याच्याच थिअरीत आहे. नवी मुंबईत बसून हे वाक्य कसं काय सुटतं लोकांच्या नजरेतून? ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभं राहिलं. जानेवारी १९८४ मध्ये त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई भागात शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात ५ जण गेले, आणि त्या लढ्यातून पुढे ज्यांची जमीन गेली त्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. ह्याला फुकटचं वाटप म्हणणाऱ्यांनी नॉझिकचं नाव तरी घेऊ नये.

आणि परदेशी म्हणाल तर २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलं होतं की २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात समानता असेल पण सामाजिक आणि आर्थिक आयुष्यात विषमता, आणि ही विसंगती लवकर मिटवली नाही तर ज्यांना विषमता सोसावी लागतेय ते लोकशाहीचा डोलाराच पाडतील. रॉल्सच्या पुस्तकाच्या २२ वर्षं आधी.

भाचीला म्हटलं, फॉरवर्ड काढ, आंब्याचं लिही. तर म्हणते सर आंबा चालवून घेणार नाहीत. मग केकचं लिही, ते उदाहरण रॉल्सच्या पुस्तकातच आहे, पण तिथे ते वेगळ्या मुद्द्याला आहे, म्हणून आधी ते प्रकरण वाच. पीडीएफ पाठवलीय. शुक्रवारी सबमिशन आहे तिचं.