‘सँडरला पातं नसतं’: बोटांवर बेतणारा सल्ला

सुतारकामाच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: करवतीला, रंध्याला पातं असतं, सँडरला, म्हणजे फिरत्या चकतीवर किंवा पट्ट्यावर लाकूड घासून गुळगुळीत करणाऱ्या मशीनला, नुसता पॉलिश पेपर. म्हणून नवख्या पोराला पहिल्या दिवशी सँडरवरच उभं करा. लाकूड चकतीवर कुठेही टेकवा, हातमोजे घाला, तोंडाला रुमाल बांधा, आणि पटाशीला धार लावायलाही हेच मशीन वापरा. यातला प्रत्येक सल्ला त्या पोराचं नुकसान करणारा आहे, म्हणून एकेक घेऊ. पुढचे आकडे 12 इंची चकती आणि शेजारी पट्टा असलेल्या, स्टँडवर बसवलेल्या मशीनचे आहेत.

‘पातं नाही, म्हणून कापत नाही.’ 80 नंबरच्या पेपरवरचा दाणा साधारण 0.2 मिमीचा असतो, आणि प्रत्येक दाणा म्हणजे एक बारीक पातंच. मिनिटाला 1440 फेरे घेणाऱ्या 12 इंची चकतीची कड सेकंदाला सुमारे 23 मीटर, म्हणजे ताशी 80 किलोमीटरच्या वर धावते. बोट टेकलं की कातडी चिरत नाही, खरवडून नाहीशी होते. पटाशीनं कापलेल्या बोटाच्या कडा जुळवून टाके घालता येतात. इथे जुळवायला कातडीच उरत नाही. वर जखमेत भुकटी आणि पेपरचे दाणे भरतात. नखाच्या मुळापर्यंत घासलं तर नख पुढे कायमचं वेडंवाकडं येऊ शकतं.

‘चकतीवर कुठेही टेकवा.’ सर्वात जास्त घात याच वाक्यात आहे. समोर उभं राहून पाहिलं तर बहुतेक मशीनची चकती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. डावा अर्धा भाग खाली जातो, उजवा वर येतो. डावीकडे लाकूड टेबलावर दाबलं जातं. उजवीकडे तेच लाकूड उचललं जातं, तोंडावर भुसा उडतो, तुकडा हातातून निसटतो आणि त्याच क्षणी दाबून धरलेली बोटं थेट चकतीवर जातात. म्हणून काम फक्त खाली जाणाऱ्या अर्ध्यावर. मात्र डावं-उजवं पाठ करून भागत नाही. थ्री-फेज मोटरच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या की मोटर उलटी फिरते. वायरमननं काम केल्यावर खटका क्षणभर दाबून सोडा आणि चकती थांबताना कुठल्या दिशेनं फिरतेय ते डोळ्यांनी पाहा. पट्ट्याचंही तसंच: तो लाकडाला अडणीकडे, म्हणजे लाकूड अडवणाऱ्या पट्टीकडे, नेत असला पाहिजे. अडण काढून टाकली किंवा पट्टा उलटा फिरला, तर फळी पट्ट्यावरून सुटून माणसाच्या अंगावर येते. नवा पट्टा चढवताना आतल्या बाजूचा बाण फिरण्याच्या दिशेला जुळवा, नाहीतर पट्ट्याचा सांधा उचकटू शकतो.

खाली जाणाऱ्या बाजूलाही एक धोका उरतो, टेबल आणि चकतीमधली फट. ती दीड मिमीच्या आसपास हवी. मोजायला मशीनचा प्लग काढून दोन जुनी एटीएम कार्डं एकावर एक ठेवून फटीत सरकवा. दोन जावीत, तिसरं जाऊ नये. फट मोठी झाली की पातळ पट्टी तिच्यात ओढली जाते, आणि पट्टीमागून बोट. टेबल 45 अंशांत कललं की फट बदलते, म्हणून प्रत्येक वेळी टेबल पुन्हा सरकवून घ्यावं लागतं. हे करायला एक मिनिट लागतं आणि नेमकं तेच टाळलं जातं.

हाताच्या पंजापेक्षा लहान तुकडा नुसत्या बोटांनी धरूच नका. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं तो एखाद्या लांब पट्टीवर चिकटवा किंवा लाकडी शिकंज्यात पकडा. बोटं आणि पेपर यांत किमान दोन इंच अंतर राहू द्या.

‘हातमोजे घाला.’ नका घालू. उघडं बोट पेपरला लागलं तर हात झटक्यात मागे येतो. मोज्याचं कापड पेपर पकडतो, फटीत खेचतो आणि बोट सोबत जातं. मनगटातला धागा, अंगठी, लोंबती बाही, गळ्यातला पंचा, सगळं याच हिशेबात येतं. डोळ्यांना चष्मा मात्र हवाच.

‘लाकडाचीच तर धूळ, रुमाल पुरे.’ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 1995 मध्ये लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकली. तसं करण्याचं मुख्य कारण म्हणजे नाक आणि सायनसचा कर्करोग. सागवान आणि शिसवीच्या धुळीनं अनेकांच्या अंगाला खाज सुटते, पुरळ येतं. दमा जडणारेही असतात. जो भुसा खाली पडलेला दिसतो तो त्यातल्या त्यात बरा; फुप्फुसात उतरणारे कण डोळ्यांना दिसत नाहीत, हवेत तरंगत राहतात आणि रुमालातून आरपार जातात. आयएस 9473 या भारतीय मानकाप्रमाणे एफएफपी2 दर्जाचा, म्हणजे बारीक कण गाळणारा, नाकाशी नीट बसणारा मास्क घ्या. दाढीवर तो नीट बसत नाही. मशीन बंद केल्यावरही दहा-पंधरा मिनिटं तो काढू नका. चकतीखालच्या तोंडाला डस्ट कलेक्टरचा, म्हणजे धूळ ओढून पिशवीत भरणाऱ्या यंत्राचा, पाइप जोडा, आणि साफसफाईला कंप्रेसरची हवा मारू नका. बसलेली सगळी धूळ पुन्हा नाकाच्या उंचीवर येते.

‘पटाशीला धारही याच मशीनवर लावा.’ लोखंड घासलं की ठिणग्या उडतात आणि त्या थेट भुशाच्या पिशवीत जातात. भुसा अनेकदा लगेच भडकत नाही, आत धुमसत राहतो. वर्कशॉपला कुलूप लागल्यावर काही तासांनी आग दिसू शकते. पॅकिंगच्या पेटीतल्या पाइनमधला विसरलेला खिळाही तेवढीच ठिणगी देतो, म्हणून जुनं लाकूड आधी लोहचुंबकानं तपासा. धारेसाठी वेगळं ग्राइंडर ठेवा. सँडरची पिशवी रोज संध्याकाळी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात रिकामी करा आणि तो डबा रात्री वर्कशॉपच्या बाहेर ठेवा.