वरातीची सुपारी घेत नाहीत, सुभेदार आहेत

गेल्या आठवड्यात काकांना फोन आला. "बँडमास्तर ना? 14 तारखेला वरात आहे. किती घेता?" काका म्हणाले, "राँग नंबर," आणि फोन ठेवून सुपारी कातरत बसले. मी शेजारीच होतो. नंबर राँग नव्हता, आमच्याच वाडीतल्या कुणीतरी दिलेला होता.

काका सैन्यात बँडमास्टर होते. तीस वर्षं नोकरी करून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि दापोली तालुक्यात गावच्या घरी परत आले. या तालुक्याला फौजी माणूस नवा नाही. जुनी माणसं दापोलीला अजून कॅम्प म्हणतात. इंग्रजांच्या काळात इथे छावणी होती आणि पेन्शनीत निघालेले सुभेदार-हवालदार इथेच राहायचे. बाबासाहेबांचे वडील, सुभेदार रामजी सकपाळ, निवृत्तीनंतर काही वर्षं इथेच होते. त्यामुळे फौजीला मान कसा द्यायचा हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. फक्त प्रश्न एकच ठरलेला: "बॉर्डरवर होतात काय?" काका म्हणतात, "होतो. बँडमध्ये." मग समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. एकदा एकाने चहाचा कप खाली ठेवत विचारलं, "म्हणजे लढलात नाय?"

याला माझ्याकडे एक तयार उत्तर होतं. लढाईच्या वेळी बँडचे जवान स्ट्रेचर उचलतात, गोळीबारातून जखमी माणूस मागे आणण्याचं काम त्यांचं असतं, त्याचं प्रशिक्षण त्यांना मिळतं. हे सांगितलं की समोरचा गप्प व्हायचा, मला बरं वाटायचं. वर्षानुवर्षं मी हे पाहुण्यांना ऐकवत आलो. मग एकदा काकीच म्हणाली, "तू त्यांचं वाजवणं झाकायला स्ट्रेचर पुढे करतोस." झोंबलं, पण खरं होतं. मान मिळवायला मी काकांच्या हातातलं क्लॅरिनेट काढून घेत होतो.

आणि मला ते झाकावंसं वाटत होतं, त्याला कारणही आहे. आमचे आजोबा खालूबाजात सनई वाजवायचे. शिमग्याला पालखी नाचवायची तर ढोल, ताशा, टिमकी आणि आजोबांची सनई लागायचीच. नारळ, तांदूळ आणि थोडे पैसे मिळायचे. पान मात्र अंगणात वाढायचे, ओटीवर नाही. मुलगा सुभेदार होऊन आला तरी काही घरांच्या डोक्यात आम्ही वाजंत्रीच. 'किती घेता' हा प्रश्न तिथून येतो.

काकांची भरती वाद्यवृंदासाठीच झाली. सनई फुंकून फुंकून दम तयार होता. नाकाने श्वास घेत गालातली हवा सोडत राहायचं, सूर तुटू द्यायचा नाही, हे आजोबांनी पडवीत बसवून शिकवलेलं. पण सनईला दुहेरी पत्ती (फुंकल्यावर थरथरणारी पातळ रीड), क्लॅरिनेटला एकेरी, म्हणजे ओठांची सगळी सवय मोडून नव्याने बसवायची. आणि कागद वाचायचा! पाच रेघांवरचे ते काळे ठिपके त्यांनी आयुष्यात पाहिले नव्हते. पुढे मध्य प्रदेशात पचमढीला, जिथे लष्करी संगीताचं शिक्षण होतं, तिथे बँडमास्टरचा कोर्स केला. सातपुड्याच्या त्या थंडीत सकाळी बोटं वळायची नाहीत, असं ते सांगतात.

टीव्हीवर संचलन लागलं की आम्ही पुढे दंड फिरवत चालणाऱ्या उंच माणसाकडे बोट दाखवायचो. "तो ड्रम मेजर," काका दरवेळी सांगतात. बँडमास्टरचं खरं काम टीव्हीवर दिसतच नाही, ते आदल्या महिन्यात कागदावर झालेलं असतं. एकदा मी पेटी पुढ्यात घेऊन त्यांना म्हटलं, समजावून सांगा. त्यांनी कागदावर एकच 'सा' लिहिला, पेटीवरच्या पांढरी एक पट्टीचा. म्हणाले, हा क्लॅरिनेटवाल्याने वाजवला की कानाला काळी पाच ऐकू येते. आल्टो सॅक्सोफोनवाल्याने हाच ठिपका वाजवला तर काळी दोन. बासरीवाल्याने वाजवला तर पांढरी एकच. वाद्यांची बनावटच तशी. म्हणजे सगळ्यांकडून एक सूर काढायचा तर प्रत्येकाच्या कागदावर ठिपका वेगळा लिहायचा. पंचवीस-तीस जणांची धून असली की कॉर्नेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, युफोनियम, ट्यूबा, प्रत्येकाचा कागद निराळा, आणि हे सगळं एकाच वेळी एका डोक्यात ऐकू यायला हवं. शिवाय मिनिटाला 120 पावलांची चाल. लाइट इन्फंट्री, म्हणजे भरभर चालणारी पायदळ पलटण, असेल तर 140. ताल सरकला की अख्ख्या पलटणीचा पाय चुकतो.

अशा माणसाला निवृत्तीनंतर पहिली नोकरी कुठली सांगून आली? शहरातल्या एका सोसायटीत सुरक्षारक्षकाची. यावर जास्त लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

दरवर्षी 29 जानेवारीला संध्याकाळी आमच्याकडे टीव्हीवर बीटिंग रिट्रीट लागतं, प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याचा दिल्लीतला समारोप, सगळा लष्करी बँडचा. 2022 मध्ये त्यातून 'अबाइड विथ मी' ही गांधीजींच्या आवडीची ख्रिस्ती प्रार्थना वगळली आणि 'ऐ मेरे वतन के लोगों' घेतलं, तेव्हा फेसबुकवर केवढं रण माजलं होतं! मीही दोन पोस्टी ठोकल्या होत्या. काकांना विचारलं तर म्हणाले, "'अबाइड'ची धून इतकी सावकाश वाजते की क्लॅरिनेटवाल्याचा दम उघडा पडतो. नवीन पोरांना ती बसवावी." बस, एवढंच. 2023 ला नौदल दिन मालवणात तारकर्लीला झाला, तेव्हा आम्ही सगळे टीव्हीपुढे. विमानं आली, जहाजं आली. बँड वाजायला लागला की कॅमेरा पुन्हा समुद्राकडे. "अरे, माणसं दाखव, माणसं!" काका टीव्हीवर ओरडत होते. घरात त्यांचा आवाज चढलेला मी क्वचितच ऐकलाय.

आता मुद्द्याचं. इथल्या एका शाळेत काका स्वतः होऊन गेले. दहा मुलं द्या, फुकट शिकवतो, सुरुवात बिगुलाने करू. बिगुलाला कळा नसतात, पाचच सूर, तेही फक्त ओठांनी काढायचे. मुलं महिन्यात वाजवायला लागतात. उत्तर मिळालं, "स्पीकर आहे की आपल्याकडे." त्याच स्पीकरवर 15 ऑगस्टला राष्ट्रगीत मधेच अडकलं, पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावला. काका सावधानमध्ये उभे. घरी येताना एवढंच म्हणाले, "52 सेकंदांचं असतं. आज सव्वादोन मिनिटं लागली." त्याच दिवशी मुलं 'कदम कदम बढाये जा' म्हणत प्रभातफेरीला गेली होती. त्या गाण्याला चाल लावणारे कॅप्टन रामसिंह ठाकुरी गुरखा पलटणीतून आझाद हिंद सेनेत गेले होते आणि तिथला बँड त्यांच्याकडे होता. हे शिक्षकांनाही ठाऊक नव्हतं. मलाही काकांनीच सांगितलं.

वाद्यांना पैसे लागतात, हे शाळेचं म्हणणं मला मान्य आहे. पण पैशांची गोष्ट तिथे निघालीच नाही. बाजा शिकायचा म्हणजे काय शिकायचं, हेच कुणाच्या डोक्यात आलं नाही.

सध्या संध्याकाळी आमच्या पडवीत तीन मुलं येतात. दोन मुलगे आणि एक आठवीतली मुलगी. वाद्यं दोनच, काकांचं क्लॅरिनेट आणि एक जुना बिगुल. खाऱ्या हवेने बिगुलाला आठवड्यात कळंक चढतो. परवा काकीने तो आमसुलाच्या पाण्याने लख्ख घासून ठेवला. "अगो, समई आहे काय ती?" काका भडकले, मग त्यात तोंड बघून मिशी सारखी केली. पावसात क्लॅरिनेटची पॅडं फुगतात, भोकं नीट झाकत नाहीत, सूर फाटतो. म्हणून क्लॅरिनेटच्या पेटीत तांदळाची पुरचुंडी ठेवलेली असते. पत्त्या एका काचेवर ओळीने सपाट लावून ठेवतात, वाकू नयेत म्हणून. त्या मुलीचा पहिला सूर तिसऱ्या दिवशी लागला. तोवर नुसती किंचाळी निघत होती आणि आमचा कुत्रा मांडवाखाली जाऊन बसत होता.

तर कुणाकडे जुनं क्लॅरिनेट, कॉर्नेट, काहीही माळ्यावर पडून असेल तर मेसेज करा. पॅडं गेलेली असली तरी चालतील, काका बसवतात. दापोली एसटी स्टँडवर आणून दिलंत तर मी येऊन घेऊन जाईन. वरातीसाठी मात्र फोन करू नका. शिमग्याला पालखीपुढे यावं, असं यंदा गावकीने विचारलंय. त्यावर काकांनी अजून हो-नाही काही सांगितलेलं नाही.