मार्कर पॉझिटिव्ह आला, मग शंका कसली? : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बहिणीच्या थायरॉइडच्या गाठीत गॅलेक्टिन-३ आणि सीके-१९ हे दोन्ही मार्कर (स्लाइडवर रंगवून शोधली जाणारी पेशींतली प्रथिनं) पॉझिटिव्ह आले, पॅपिलरी या प्रकारच्या थायरॉइड कॅन्सरचं निदान झालं. आणि मी मात्र ‘मार्करवरून कॅन्सर ठरत नाही’ असं लिहून पेशंटच्या मनात शंका पेरतो. तसं असेल तर ही तपासणी करायचीच कशाला, असं तुम्ही विचारलंय.

आधी माझी चूक सांगतो. ‘एकटा मार्कर काहीच सांगत नाही’ हे माझं वाक्य सरसकट होतं. ते आजच बदलतोय. गाठीतल्या पेशी कॅल्सिटोनिन या हार्मोनच्या तपासणीत ठळक रंगल्या, तर मेड्युलरी या थायरॉइडच्या दुसऱ्या कॅन्सरचं निदान जवळजवळ पक्कं होतं, कारण थायरॉइडमध्ये हे हार्मोन बनवतात त्या सी-पेशी, आणि हा कॅन्सर त्यांच्यातूनच होतो. या पेशी आयोडीन घेत नाहीत, म्हणून रेडिओआयोडीनचा, म्हणजे किरणोत्सारी आयोडीनच्या उपचाराचा, तिथे उपयोग नाही. एका मार्करने उपचारच बदलतात.

गॅलेक्टिन-३, सीके-१९ आणि एचबीएमई-१ हा आणखी एक मार्कर, यांचं तसं नाही. पॅपिलरी कॅन्सरमध्ये सीके-१९ बहुधा पेशीन् पेशी गडद तपकिरी करतो. पण हाशिमोटोच्या सुजेतही (प्रतिकारशक्तीने थायरॉइडवरच हल्ला केल्याने येणारी, कॅन्सर नसलेली सूज) तो रंग दिसतो, फिका आणि ठिकठिकाणी. रिपोर्टवर शब्द एकच, ‘पॉझिटिव्ह’. ऑन्कोसायटिक पेशींत (मायटोकॉन्ड्रियाने गच्च भरलेल्या मोठ्या पेशी) तर मुळातच बायोटिन हे जीवनसत्त्व भरपूर असतं. रंगवण्याची पद्धत बायोटिनवर चालणारी असेल आणि ते आधी झाकलं नाही, तर प्रथिन नसतानाही स्लाइड तपकिरी होते. म्हणून रंग किती पेशींत आहे, पेशीत नेमका कुठे आहे, हे पाहावंच लागतं.

फॉलिक्युलर गाठीत (थायरॉइडमधली कवचात बंद असलेली गाठ) मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. तिथे साधी गाठ की कॅन्सर, हे पेशींनी कवच भेदलंय का, रक्तवाहिनीत शिरकाव केलाय का, यावर ठरतं. मार्कर त्याची जागा घेऊ शकत नाही. तिथे कवचाचे आणखी काप घेऊन तासन् तास बघत बसणं, हाच मार्ग.

तुमच्या बहिणीच्या निदानावर मी शंका घेत नाही. दोन मार्कर एकत्र आले की वजन वाढतंच. तरी रिपोर्टमधला मायक्रोस्कोपीचा परिच्छेद काढून बघा. केंद्रकं फिकट, एकमेकांवर चढलेली, खाचा पडलेली, असं काही लिहिलेलं असेल, तर निदान त्यावर उभं आहे आणि मार्करनी त्याला दुजोरा दिलाय. तसं काही सापडलं नाही, तर डॉक्टरांना जरूर विचारा. पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले गाठीचे तुकडे, जपून ठेवलेले असतात. त्यावरून दुसरं मत घेता येतं.