अहवाल दोनदा सारखा आला म्हणून चाचणी खरी ठरत नाही

कोणते अन्नपदार्थ आपल्याला सोसत नाहीत हे रक्तावरून सांगणाऱ्या 'फूड सेन्सिटिव्हिटी' चाचण्यांबद्दल एक लांबलचक संदेश सध्या हातोहात पुढे पाठवला जातो आहे. त्याचा आशय असा: डॉक्टर सांगतात त्या ॲलर्जीच्या चाचणीत फक्त लगेच उठणारी ॲलर्जी दिसते, उशिरा त्रास देणारे पदार्थ मात्र रक्तातली आयजीजी या जातीची प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी, मोजणाऱ्या आयजीजी चाचणीतच सापडतात. सगळ्या लॅब भरवशाच्या नसतात, म्हणून एनएबीएल या प्रयोगशाळा तपासणाऱ्या भारतातल्या संस्थेचे मानांकन असलेली लॅब निवडावी. तरीही शंका असेल तर आपल्याच रक्ताच्या दोन नळ्या दोन वेगळ्या नावांनी पाठवाव्यात. दोन्ही अहवाल जुळले की लॅब खरी, आणि मग अहवालात लाल रंगात दाखवलेले पदार्थ निःशंकपणे बंद करावेत. शेवटी जोडणी म्हणून तीन गोष्टी आहेत: याला संशोधनाचा आधार आहे, असंख्य लोकांना गुण आला आहे, आणि करून पाहण्यात तोटा काहीच नाही.

प्रयोगशाळेच्या जाहिरातीवर न जाता तिची परीक्षा घ्या, हा संदेशातला आग्रह रास्त आहे. परंतु सुचवलेली परीक्षा प्रयोगशाळेची आहे आणि निष्कर्ष मात्र चाचणीबद्दल काढलेला आहे. सगळा घोटाळा या एका उडीत असल्यामुळे दोन नळ्यांचा मुद्दा आधी घेतो.

ही कसोटी नवी नाही. १९८७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी अशाच एका प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध केला होता. ज्यांना माशांची ॲलर्जी आहे हे आधीच पक्के ठाऊक होते अशा व्यक्तींचे, आणि ज्यांना कसलीही ॲलर्जी नव्हती अशा व्यक्तींचे नमुने त्यांनी वेगवेगळ्या पद्धतींनी तपासणी करणाऱ्या पाच व्यावसायिक संस्थांकडे जोडीजोडीने पाठवले. माशांची ॲलर्जी एकाही संस्थेला ओळखता आली नाही, धडधाकट माणसांना मात्र ॲलर्जी असल्याचे सगळ्यांनी कळवले, आणि एकाच माणसाच्या दोन नमुन्यांचे निकाल आपसात जुळले नाहीत. तेव्हा या कसोटीत जी प्रयोगशाळा नापास होते तिच्याबद्दल पुढे काही बोलायचे उरत नाही, हे संदेशकर्त्याचे म्हणणे मान्य आहे.

प्रश्न आहे तो पास होणाऱ्या प्रयोगशाळेचा. आज एखादी चांगली लॅब ही चाचणी कशी करते ते पाहिले म्हणजे हा प्रश्न नीट कळतो. प्लास्टिकच्या एका पट्टीवर छोटे छोटे खळगे असतात. प्रत्येक खळग्याच्या तळाशी एकेका पदार्थाच्या अर्काचा थर दिलेला असतो: गहू, गाईचे दूध, अंड्याचा पांढरा भाग, यीस्ट, बदाम. त्यांत रुग्णाच्या रक्तातला विरल केलेला द्रव, म्हणजे सीरम, घालतात. त्या पदार्थाला चिकटणारी आयजीजी प्रतिपिंडे असतील तर ती तळाशी धरून राहतात. बाकीचे धुऊन टाकल्यावर दुसरे एक द्रव्य घातले की चिकटलेल्या प्रतिपिंडांच्या प्रमाणात रंग चढतो आणि यंत्र त्या रंगाचा गडदपणा मोजते. या तंत्राला एलायझा म्हणतात. यंत्र ठीक असेल, माणसे शिकलेली असतील आणि अर्काची प्रत स्थिर असेल तर दोन नळ्यांचे आकडे बरेचसे जुळतील, कारण दोन्हींत तीच प्रतिपिंडे तितक्याच प्रमाणात आहेत. आंबा काट्यावर दोनदा ठेवला आणि वजन दोन्ही वेळा सारखे भरले, तर काटा चांगला आहे एवढेच कळते. आंबा गोड निघेल की नाही याबद्दल काट्याला काही ठाऊक नसते.

मोजलेल्या आकड्याचा आजाराशी संबंध आहे की नाही, हे वेगळेच काम आहे आणि ते फार मेहनतीचे असते. मधुमेहासाठी एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी, हिच्यातली ६.५ टक्के ही रेघ कुणी सोयीसाठी ओढलेली नाही. कोणत्या पातळीपासून डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचे परिणाम ठळकपणे वाढू लागतात, हे मोठ्या संख्येने माणसे तपासून पाहिल्यावर ती ठरली. आयजीजीच्या अहवालात हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांमधल्या ज्या रेघा दिसतात त्या किटच्या उत्पादकाने किंवा लॅबने आकड्यांच्या वाटणीवरून ठरवलेल्या असतात. त्या आकड्याच्या वर असलेल्या माणसाला तो पदार्थ नकळत खाऊ घातल्यावर त्रास होतो आणि खालच्याला होत नाही, अशी खातरजमा करून अहवालातल्या दोनशे पदार्थांच्या रेघा आखलेल्या नाहीत. लॅबला विचारायचाच असेल तर हा एक प्रश्न विचारावा: ही रेघ कोणत्या रुग्णांवर आणि कशाशी ताडून ठरवली? (खोट्या नावाने नमुना देण्याचा सल्ला तर मुळीच पाळू नये. आजारपणाच्या नोंदींत एकदा शिरलेला असा गोंधळ निस्तरताना पुरेवाट होते.)

आता मानांकनाकडे वळू. एनएबीएल आयएसओ १५१८९ या मानकाप्रमाणे वैद्यकीय प्रयोगशाळांची पाहणी करते, आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. उपकरणांचे कॅलिब्रेशन, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, रोजचे नियंत्रण नमुने, बाहेरून येणाऱ्या गुणवत्ता नमुन्यांशी तुलना, नोंदींची शिस्त, हे सगळे त्यात तपासले जाते. मात्र मानांकन सरसकट संपूर्ण लॅबला मिळत नाही. ते चाचणीवार असते, आणि कोणत्या चाचण्यांसाठी ते दिले आहे त्याची यादी, जिला 'स्कोप' म्हणतात, एनएबीएलच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. स्कोपमध्ये नसलेल्या चाचणीसाठी एनएबीएलचे चिन्ह वापरता येत नाही. दाराशी लावलेली पाटी साखर, थायरॉइड आणि हिमोग्लोबिनच्या जोरावर मिळालेली असू शकते, आणि अन्नपदार्थांचे पॅनेल त्या यादीत असेलच असे नाही. समजा, असले. तरीही मानांकनाने मिळणारी हमी मोजमाप योग्य रीतीने होते आहे एवढ्याबद्दलची आहे. त्या मोजमापावरून रोट्या बंद कराव्यात असा वैद्यकीय निर्वाळा त्यातून निघत नाही.

अमेरिकेतही नेमकी हीच गोष्ट आहे. तिथल्या प्रयोगशाळांना लागू असलेला 'क्लिया' कायदा, १९८८ चा, मोजमापाच्या अचूकतेकडे पाहतो. त्या मोजमापाचा रुग्णाच्या दृष्टीने अर्थ काय, हा विषय त्याच्या कक्षेत येत नाही. परदेशातल्या नातेवाइकांनी 'आमच्याकडची लॅब क्लिया-प्रमाणित आहे' असे सांगितले तर तेवढ्याने वाद मिटत नाही.

'एलायझा हे एचआयव्हीसाठी वापरतात तेच तंत्र आहे', हाही एक युक्तिवाद संदेशात आहे. तंत्र तेच आहे, खरे. पण एचआयव्हीचा संसर्ग न झालेल्या प्रौढ माणसाच्या शरीराला त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार करण्याचे कारणच नसते, म्हणून ती सापडली की संसर्गाचा दाट संशय येतो आणि मग पुढची खात्रीची चाचणी करतात. गहू रोज खाणाऱ्या माणसाच्या रक्तात गव्हाविरुद्धची आयजीजी सापडणे अपेक्षितच असते.

हाच मुद्दा उशिरा उठणाऱ्या ॲलर्जीच्या दाव्याचाही पाया काढून घेतो. लगेच उठणाऱ्या ॲलर्जीत आयजीई या जातीची प्रतिपिंडे काम करतात, आयजीजी वेगळी. आपण जे खातो त्याचे सूक्ष्म अंश आतड्यातून रक्तात पोहोचतात आणि शरीर त्यांची ओळख ठेवते. आयजीजी, विशेषतः तिचा आयजीजी-४ हा उपप्रकार, बहुतांशी त्या ओळखीची आणि पदार्थ सोसल्याची खूण आहे. लंडनमध्ये ६४० तान्ह्या मुलांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'लीप' अभ्यासात एका गटाला लहानपणापासून शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले आणि दुसऱ्या गटाला ते टाळायला सांगितले. सुरुवातीला त्वचा-चाचणी नकारात्मक असलेल्या मुलांपैकी पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी टाळणाऱ्यांत १३.७ टक्के आणि खाणाऱ्यांत १.९ टक्के निघाली. शेंगदाण्याविरुद्धची आयजीजी-४ मात्र खाणाऱ्या गटात जास्त वाढली होती. फूड सेन्सिटिव्हिटीच्या तर्काने वाचले तर नेमक्या सुरक्षित राहिलेल्या मुलांच्या अहवालात शेंगदाणा लाल दिसला असता. युरोपियन ॲकॅडमी ऑफ ॲलर्जी अँड क्लिनिकल इम्युनॉलॉजी या संस्थेने २००८ साली, आणि कॅनडातल्या तज्ज्ञ संघटनेने २०१२ साली, अन्नाच्या त्रासाचे निदान करण्यासाठी आयजीजी चाचणी करू नये असे लेखी सांगितले ते याच कारणाने. डॉक्टरांना नवे काही कळत नाही, हा आक्षेप इथे टिकत नाही. त्यांनी या चाचणीचा विचार करूनच ती बाजूला ठेवली आहे.

उशिरा होणारे त्रास खोटे आहेत, असे कुणी म्हणत नाही. दूध प्यायल्यावर काही तासांनी पोट फुगते ते बहुधा लॅक्टेज हे विकर कमी असल्यामुळे, आणि तिथे प्रतिपिंडांचा संबंधच नाही. त्यासाठी श्वासातील हायड्रोजनची चाचणी आहे. गव्हातील ग्लूटेनमुळे होणाऱ्या सिलिॲक आजारासाठी टीटीजी-आयजीए ही वेगळी, तपासून सिद्ध झालेली रक्तचाचणी आहे. गोचिडीच्या चाव्यानंतर काही लोकांना उद्भवणारी लाल मांसाची 'अल्फा-गॅल' ॲलर्जी तर जेवल्यावर तीन ते सहा तासांनी उठते, आणि तरीही ती आयजीईचीच ॲलर्जी आहे. उशिरा म्हणजे आयजीजी, हे समीकरण कुठेच बसत नाही.

संशोधनाच्या आधाराबद्दल संदेशात एक जुना अभ्यास दिला आहे आणि त्याची दखल प्रामाणिकपणे घ्यायला हवी. २००४ साली 'गट' या नियतकालिकात इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस, हा पोटदुखीचा आणि शौचाच्या तक्रारींचा वारंवार उठणारा विकार असलेल्या १५० रुग्णांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. आयजीजीनुसार पदार्थ बंद केलेल्यांची लक्षणे बारा आठवड्यांत खोटा आहार दिलेल्यांपेक्षा, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे नव्हती असे पदार्थ बंद केलेल्यांपेक्षा, अधिक कमी झाली, सुमारे दहा टक्क्यांनी. अडचण अशी की खऱ्या गटात दूध आणि गहू मोठ्या प्रमाणावर बंद झाले होते आणि खोट्या गटात ते क्वचितच. आयबीएसच्या रुग्णाला हे दोन पदार्थ बंद केल्याने बरे वाटणे चाचणीशिवायही शक्य असते, त्यामुळे श्रेय प्रतिपिंडांना द्यायचे की आहाराला, हे त्या आराखड्यातून सुटत नाही. अलीकडे, २०२५ मध्ये, 'गॅस्ट्रोएंटरॉलॉजी'त अमेरिकेतला एक अधिक काळजीपूर्वक केलेला प्रयोग आला आहे. आयबीएससाठीच बेतलेल्या, अठरा पदार्थांच्या आयजीजी चाचणीवरून आहार ठरवल्यावर पोटदुखी ठरावीक प्रमाणात कमी झालेले रुग्ण सुमारे ६० टक्के होते, खोट्या आहाराच्या गटात सुमारे ४२ टक्के. हा निकाल उडवून लावण्यासारखा नाही. तो दुसऱ्या गटांत पुन्हा मिळतो का ते पाहायला हवे. पण एका विशिष्ट आजारासाठी तयार केलेल्या अठरा पदार्थांच्या चाचणीचे यश घेऊन थकवा, मुरुम, डोकेदुखी आणि वजन या सगळ्यांसाठी विकल्या जाणाऱ्या दोनशे पदार्थांच्या पॅनेलला चिकटवणे हा शुद्ध बाजार आहे.

त्याच प्रयोगातला ४२ टक्क्यांचा आकडा 'लोकांना गुण आला' या मुद्द्यालाही उत्तर देतो. चुकीचे पदार्थ बंद करूनही शंभरातल्या बेचाळीस जणांना बरे वाटले. आयबीएसची लक्षणे आपोआप चढउतार करतात, नव्या उपायाच्या विश्वासाने काही काळ कमी होतात, आणि गहू-दूध बंद झाल्याबरोबर बिस्किटे, पाव, मिठाई आणि बाहेरचे खाणेही सुटते. गुण येतो, पण तो कशाने आला हे सांगणे अहवालाच्या हातात नसते. एखाद्या पदार्थावर खरोखर संशय असेल तर आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली तेवढाच पदार्थ काही आठवडे बंद करून, नंतर तो पुन्हा खाऊन पाहणे ही साधी पद्धत चाचणीपेक्षा जास्त सांगते. पुन्हा खाऊन पाहण्याची पायरी मात्र गाळता येत नाही, आणि या अहवालांच्या जोडीला येणाऱ्या आहारपत्रिकांत ती बहुधा पुसट असते. खाल्ल्याबरोबर गांधी उठणे, ओठ सुजणे किंवा धाप लागणे असे कधी झाले असेल तर हा प्रयोग घरी करायचा नाही. ते ॲलर्जीतज्ज्ञाचे काम आहे.

राहता राहिला 'तोटा काहीच नाही' हा दावा. मांसाहार न करणाऱ्या घरात दूध, दही आणि ताक बंद झाले तर बी-१२ चा जवळजवळ एकमेव नैसर्गिक स्रोत जातो, कॅल्शियम घटते, आणि जोडीला दोन डाळी लाल निघाल्या तर प्रथिनांचीही ओढाताण सुरू होते. वाढत्या मुलांच्या बाबतीत हे अधिक गंभीर आहे. त्यातही इसब असलेले मूल जो पदार्थ आजवर सोसत होते तो अहवालामुळे दीर्घकाळ बंद केला आणि नंतर पुन्हा दिला, तर सहनशीलता गेलेली असून तीव्र, जिवावर बेतणारी प्रतिक्रिया येऊ शकते. अशा नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. आणि ज्याला खरोखर सिलिॲक आजार आहे त्याने आयजीजीच्या भरवशावर आधीच गहू सोडला, तर टीटीजीची पातळी उतरते, आतड्याच्या तुकड्याची तपासणीही फसवी येऊ शकते, आणि निदानासाठी त्याला आठवडेच्या आठवडे पुन्हा पोळ्या खाव्या लागतात.