गाडीला हळद लागली

काल इंदूरच्या रामबागेत एका मुंजीच्या पंगतीत माझी ओळख करून देण्यात आली ती अशी : "हे ते. घाटात गाडी पेटली होती, मी हळद घालून चालू करून दिली, ते." पंगतीतल्या चार माणसांनी "अच्छा, हे का!" अशी मान हलवली आणि पुन्हा जिलबीकडे वळली.

गाडी पेटली नव्हती. वाफ येत होती. या दोन्हींत फरक आहे, पण हातात मठ्ठ्याची वाटी धरून तो समजावता येत नाही.

गाडी म्हणजे २००६ सालची बारा सिटांची जुनी व्हॅन. मेहुण्याच्या डोक्यातून आलेली कल्पना आणि माझ्या खिशातून गेलेला पैसा, या दोहोंनी मिळून तिचं घर केलं. दोन बिछाने, एक ओटा, गॅसची छोटी शेगडी, शंभर लिटरची पाण्याची टाकी, इन्व्हर्टरची बॅटरी, आणि प्लायवूड इतकं की त्यात एक वऱ्हाड झोपेल. बिचारं इंजिन मात्र तेच राहिलं. ते ड्रायव्हर आणि शेजारची सीट यांच्या मधोमध एका झाकणाखाली बसतं. सासूबाई त्या झाकणावर पोळ्यांचा डबा ठेवतात. पोळ्या गरम राहतात, अशी त्यांची या गाडीबद्दलची एकमेव तारीफ.

सपाटीवर गाडी शहाण्यासारखी चालते. चढ लागला की तापमानाचा काटा लाल पट्टीकडे निघतो, माहेरी निघाल्यासारखा.

महिनाभरापूर्वी महेश्वरहून परतताना मानपूरच्या घाटात हेच झालं. नर्मदाकाठ सोडून माळव्याच्या पठारावर यायचं म्हणजे सुमारे चारशे मीटर चढायचं. ऊन एक्केचाळीस अंशांचं, पुढे सिमेंटचा ट्रक, दुसऱ्या गिअरवर सगळी मिरवणूक. काटा वर सरकला तसा मी हीटर पूर्ण सोडला. हा वेडेपणा नाही. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच. इंजिनाची थोडी उष्णता तो केबिनमध्ये ओढून घेतो. पण चैत्रात, भर दुपारी, पायांवर हीटरची झळ आल्यावर हे विज्ञान कोण ऐकणार?

"जावईबापू," सासूबाई मागून म्हणाल्या, "आमच्यावर काही राग आहे का?"

वाफ दिसली तशी मी चहाच्या एका टपरीपाशी गाडी बाजूला घेतली. तिथे खाटेवर ते बसले होते, कालच्या पंगतीत माझी ओळख करून देणारे काका.

वय सत्तरीच्या पुढे, अंगात पांढरा सदरा, मांडीवर शेवेचा पुडा, शेजारी कापडी पिशवी. मुलगा कार घेऊन पंक्चर काढायला गेला होता आणि काकांना करायला काही उद्योग नव्हता. ही माणसाची सर्वांत धोकादायक अवस्था. गाडीच्या मागच्या काचेवरचं '॥ श्री गजानन प्रसन्न ॥' त्यांनी वाचलं आणि ते उठले.

"मराठी का?"

"हो."

"इंदूर? रामबाग की नारायणबाग?"

"आजोबा रामबागेत होते. आता आम्ही सुदामानगरला."

"आजोबा काय करायचे?"

पुढच्या झडपेतून फुस्स असा आवाज येत होता. मी म्हणालो, "काका, जरा गाडी..."

"गाडी होते थंड. आजोबा होळकर संस्थानात होते का? तिजोरीत?"

होते. हे सांगायला नको होतं. आजोबांच्या हाताखाली काकांचे मामा होते, त्या मामांची धाकटी मुलगी माझ्या बायकोच्या मावशीच्या चुलतजावेच्या... इथे सासूबाई पोळ्यांचा डबा घेऊन खाली उतरल्या आणि नातं जुळेपर्यंत दोघं रस्त्याच्या कडेला उभी राहिली. जुळलं. आता ते बाहेरचे नव्हते. आता त्यांना अधिकार होता.

"पाणी कुठलं घालता?" त्यांनी विचारलं.

"आता कूलंट घालतो."

"ते हिरवं? सरबतासारखं?" त्यांनी तोंड असं केलं, की मी गाडीला दारू पाजतो. "आपल्या बोरिंगच्या पाण्याला खार फार. नर्मदेचं घालत जा. १९७८ साली नर्मदा इंदूरला आली. त्याच्या आधी आम्ही यशवंतसागरचं पाणी प्यायलो. अरे, जलूदहून सत्तर किलोमीटर पाइपातून चढून येते ती माता." मग गाडीकडे पाहून, अतिशय खिन्नपणे : "नर्मदा चढते. तुमची गाडी नाही चढत?"

यावर काय उत्तर असतं? नर्मदेच्या मागे पंपांची रांग आहे. माझ्यामागे मेहुणा होता, आणि तो सावलीत बसून उसाचा रस पीत होता.

इतक्यात काकांनी खांद्यावरचा पंचा हाताला गुंडाळला आणि ते रेडिएटरच्या झाकणाकडे निघाले. मी ओरडलो. खरंच ओरडलो, वडीलधाऱ्या माणसावर. त्या झाकणावर ०.९ कोरलेलं आहे. म्हणजे आत बाहेरच्यापेक्षा तेवढा बार दाब जास्त राहतो आणि पाणी साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि सगळं एकदम तोंडावर येतं. मी म्हणालो, "काका, कुकरची शिट्टी व्हायच्या आत झाकण काढाल का?"

"स्वयंपाक बायका करतात," काका म्हणाले आणि दुखावून खाटेवर बसले.

मला वाईट वाटलं. तीच चूक झाली. अर्ध्या-पाऊण तासानं इंजिन निवलं, मी झाकण सैल केलं, बाटलीत पाणी कमी होतं म्हणून मागच्या टाकीतून भरून आणायला गेलो. (ज्या शंभर लिटरच्या ओझ्यानं गाडी तापली, त्यातलेच दोन लिटर तिला पाजायचे.) परत येतो तर काका रेडिएटरवर वाकलेले, कापडी पिशवी उघडी, आणि हातात आमच्याच ओट्यावरचा पोह्यांचा डाव.

"तीन डाव घातली," ते म्हणाले. "धामनोदची आहे, शेतातली. कुठे बारीक छिद्र असलं तर बसून जाते. आमच्या जीपला घालायचो."

"पण गळत नाहीये हो! गळतच नाहीये!"

"आता गळणारही नाही."

डाव कुणी दिला, हे मी विचारलं नाही. सासूबाई नर्मदेच्या दिशेनं बघत होत्या.

मग आम्ही निघालो. इंजिन तासभर निवलेलं, राहिलेला चढ जेमतेम दीड किलोमीटर, वर पठार, मोकळा रस्ता, समोरून वारा. काटा मध्यावर येऊन बसला. तो बसणारच होता. जाळीत लिंबू-मिरची बांधली असती तरी बसला असता. पण गाडीत टाळ्या वाजल्या. बायकोनं वाजवल्या, याचं दुःख जास्त आहे.

आता खरं सांगतो, आणि इथे मला विनोद सुचत नाही. या घाटाच्या आधी मी तीन मिस्त्री केले होते. पहिल्यानं थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, काढून फेकला. "अपने यहाँ इसकी जरूरत ही नहीं, भिया." थंड देशातली चैन आहे म्हणे ती. मी तो कचऱ्यातून उचलून घरी आणला, दोऱ्याला बांधून दुधाच्या पातेल्यात लोंबकळत सोडला, पाकाचा थर्मामीटर लावला. त्यावर ८२ लिहिलं होतं आणि त्र्याऐंशीला त्यातलं मेण फुगून तोंड उघडलं. निर्दोष होता बिचारा. (पातेलं मात्र त्या दिवसापासून 'तुमचं पातेलं' झालं.) दुसऱ्यानं रेडिएटर उतरवून नळ्यांत सळया मारल्या, खार निघाला, साडेतीन हजारही निघाले. तिसरा म्हणाला, हेड, म्हणजे इंजिनाचं डोकं, खोलावं लागेल. ना तेलात पाणी मिसळून त्याचा चहा झाला होता, ना रेडिएटरमध्ये बुडबुडे होते, पण त्याला हेडच खोलायचं होतं. दुकानात दुसरं काम नसावं. तिघांपैकी एकानंही विचारलं नाही : कधी तापते? उभी असताना, चढावर, की हायवेवर वेगात? डॉक्टर निदान 'जेवणाआधी दुखतं की नंतर' एवढं तरी विचारतो. वेगात तापली तर पाण्याच्या वाहण्यात खोट शोधावी, हळू चढताना तापली आणि मोकळ्या रस्त्यावर निवली तर आधी वाऱ्याकडे बघावं, पंख्याकडे. ही अक्कल मला आली, पण तीन बिलं भरल्यावर.

घाटानंतरच्या रविवारी इंजिन चांगलं तापवलं, बंद केलं, किल्ली खिशात घातली आणि पंख्याला हातानं टिचकी दिली. भिंगरीसारखा फिरत राहिला. गरम असताना त्यानं जड लागायला हवं. मधल्या कपलिंगमध्ये सिलिकॉनचं घट्ट तेल असतं, तेच पंख्याला इंजिनाबरोबर ओढतं. आमचं तेल कधीच पाझरून गेलं होतं, कपलिंगवर काळा चिकट ओघळ होता. इंजिन जोरात फिरत होतं आणि पंखा सरकारी कचेरीतल्यासारखा. नवीन कपलिंग बसवलं. थर्मोस्टॅट परत बसवला. हळद धुवायला मात्र तीनदा पाणी फिरवावं लागलं, आणि हीटरची नळी अजून अर्धी तुंबलेली आहे. ज्या मिस्त्रीकडे हे केलं, त्यानं पिवळं पाणी बादलीत पाहून चारही पोऱ्यांना हाक मारली. "देखो रे, भिया ने खिचड़ी बनाई है."

परवा त्याच घाटातून आलो. काटा निम्म्यावर, जरा हलला नाही. हे मी काल पंगतीत काकांना सांगितलं. कपलिंग, सिलिकॉन, पंखा, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हळदीचा गुण हळूहळूच येतो," ते म्हणाले आणि शेजारच्याला भाताची मूद दाखवून सांगू लागले, की डाव साधारण एवढा भरायचा. अर्ध्या हळकुंडानं पिवळी होणारी माणसं ऐकली होती. इथे माझ्या अख्ख्या रेडिएटरवर एक माणूस पिवळा झाला होता.

घरी आल्यावर गाडीच्या कागदांसाठी पुढचा खण उघडला. आर.सी. आणि हवा मोजायचं मीटर यांच्यामध्ये पाव किलोची पुडी होती, रबर लावलेली. वर सासूबाईंच्या अक्षरात : 'गाडीची. पोह्यांत घालू नये.'