मालकाचं उत्तर: मार्चमधलं हरणाचं सुकं कोरडं का लागलं

नमस्कार दादा, रिव्ह्यू वाचला. दोन स्टार दिलेत, हरकत नाही, पण तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात खाल्लेलं हरणाचं मटण एक नंबर होतं आणि आता मार्चअखेरीस तेच सुकं कोरडं, चिवट, लिव्हरसारखं लागलं म्हणजे आम्ही शिळा फ्रोजन माल काढला, वर मादी स्वस्त पडते म्हणून नराच्या नावावर मादी खपवली. तर आधी हे क्लिअर करतो, डिसेंबरात तुम्ही बोटं चाटत खाल्लंत ते पण मादीचंच होतं. मेन्यूवर 'फॅलो डो' (फॅलो जातीच्या हरणाची मादी) असंच लिहिलेलं असतं, नर आम्ही कुठे म्हटलंच नाहीये.

उलट हिवाळ्यात मी नर मुद्दाम घेत नाही. फॅलोचा माज ऑक्टोबरात, त्या दिवसांत नर धड खात नाही, नुसता भांडतो, अंगाला उग्र वास मारतो आणि पार वाळून जातो. मादी तेव्हा ओक आणि बीच या झाडांची फळं खाऊन चरबी धरत असते. इथे इंग्लंडमध्ये फॅलो मादीच्या शिकारीचा सीझन 1 नोव्हेंबर ते 31 मार्च, आणि त्यातला सगळ्यात भारी माल नाताळच्या आसपासचा. त्यातही जिच्यामागे पाडस नाही ती जास्त भरलेली, पाजणारी असेल तर ती आधीच ओढलेली असते.

आता मार्चचं सांगतो. पूर्ण थंडी तिने अंगावरच्या चरबीवर काढलेली असते, वर माजात फळलेली असते म्हणजे पाच महिन्यांची गाभण, जूनमध्ये विणार. माल आला की मी पहिलं गुर्दे बघतो (गुर्दे सोबत पाठवायला सांगितलेलं असतं). डिसेंबरात गुर्दा पांढऱ्या चरबीत बुडालेला असतो, बोटाने उकरून काढावा लागतो. मार्चमध्ये तोच जवळजवळ उघडा, कमरेचं हाड हाताला लागतं. गावाकडे दुष्काळात पाला खाऊन जगलेल्या शेळीचं मटण आणि दिवाळीतल्या शेळीचं मटण एकसारखं लागतं का, तसंच हे. तुम्ही म्हणाल चरबी तर तुम्ही काढूनच टाकता, हो काढतो, कारण हरणाची चरबी जरा गार झाली की टाळूला चिकटते, पण भरलेल्या जनावराचं मांसच रसाळ असतं, आणि चरबीचा थर असला की चिलरमध्ये आठवडाभर टांगलेलं धड वरून सुकत नाही. बारीक मादीचं सुकतं, मग वरचं बरंच छाटून टाकावं लागतं, म्हणजे स्वस्त वगैरे काही पडत नाही हो.

लिव्हरसारख्या चवीचं म्हणाल तर हरणाच्या मांसात लोह भरपूर आणि आत बोकडासारखी चरबी नसते, त्यामुळे जास्त शिजलं की ती चव वर येते. काळपट रंग पण नॉर्मलच. मात्र पळवून दमवलेलं, घाबरलेलं जनावर मारलं तर मांस जास्तच काळं, हाताला चिकट होतं आणि लवकर खराब होतं, तसलं मी दारातूनच परत पाठवतो. चरताना एका गोळीत पडलेलंच घेतो.

आणि एक राहिलंच, त्या दिवशी आमच्या पोराने तुम्हाला सांगितलं होतं की सुकं नको, रस्सा घ्या. मार्चच्या मादीचा खांदा आणि मान मंद आचेवर तीन तास रश्श्यात ठेवली की मस्त होते, मांडीचं सुकं केलं की दोरी होणारच. पण गिऱ्हाईक मांडीच मागतं आणि आम्ही नाही म्हणू शकत नाही, चालायचंच.

'हे चितळच आहे, बेकायदेशीर आहे' असंही खाली लिहिलंय. ठिपके सारखे दिसतात, जात वेगळी. भारतात 1972 च्या कायद्याने शिकार बंद आहे आणि ते बरोबरच आहे, इथे लांडगे कधीच संपलेत, हरणं वाढून रानातली रोपं खाऊन टाकतात म्हणून सीझनमध्ये रीतसर मारतात.

1 एप्रिलपासून फॅलो मादी बंद. मग मंटजॅक मिळेल, आपल्या भेकराचा इथला चुलतभाऊ, तो बारा महिने वितो त्यामुळे त्याला बंद सीझन नाही. लहान जनावर, मांस बारीक धाग्याचं. त्याचं सुकं बिनधास्त मागा. फॅलोचं सुकं खायचं असेल तर नोव्हेंबर उजाडू द्या, आणि यायच्या आधी फोन करा, गुर्दे कसे आलेत ते सांगतो.